वीसच्या बोर्डाचं टोपडं

रस्त्याच्या कडेला 'काम चालू आहे' असा बोर्ड असावा आणि पुढं मैलभर ना मजूर, ना मशीन, ना साधं घमेलं दिसावं, की माझं डोकं फिरतं. गाडी नवरा चालवत असेल तर तो न सांगताच बाजूला घेतो, कारण पुढं काय होणार ते त्याला ठाऊक असतं. मी उतरते, बोर्डावरचा ठेकेदाराचा नंबर शोधते आणि त्या माणसाला ऐन जेवणाच्या वेळी गाठून विचारते, "तुमचं काम नेमकं कुठं चालू आहे हो?" बहुतेक वेळा पलीकडून उत्तर येतं, "मॅडम, ते तर कधीचंच संपलं." त्यानंतर मी जे बोलते ते छापण्यासारखं नसतं. नवरा स्टिअरिंगवर बोटं वाजवत म्हणतो, "आले, मारोतराव अंगात आले." त्यानं मारोतरावांना उभ्या आयुष्यात एकदाच, आमच्या लग्नात पाहिलं, पण निदान बरोबर करतो.

मारोतराव निखारे आमच्या साइटवरचे झेंडीवाले. नागपूरच्या उमरेड रोडचं सिमेंटीकरण चालू होतं. अर्धा रस्ता खोदलेला आणि उरलेल्या अर्ध्यातून दोन्हीकडची वाहतूक, आळीपाळीनं. एका टोकाला हिरवी-लाल झेंडी घेऊन मारोतराव उभे असत. मूर्ती लहान, अंगात नारिंगी जाकीट, तेही बायकोनं टाके घालून निम्मं केलेलं, कारण कंपनीनं दिलेल्या जाकिटात दोन मारोतराव मावले असते. चष्म्याच्या काड्यांना सुती दोरी, गळ्यात शिट्टी. सगळ्या साइटवर तंबाखू-सुपारीचा खर्रा न खाणारा हा एकटाच इसम. साधूसंत वगैरे काही नव्हते. संध्याकाळी घरी पोचल्यावर पहिला खर्रा तोंडात टाकत. पण कामावर असताना कोणी पुडी पुढं केली, की म्हणत, "तोंडात एकच राहते गा. खर्रा, नाहीतर शिट्टी."

घराणं विणकराचं. माग बंद पडले तशी त्यांनी काही वर्षं गांधीबागेच्या कापडबाजारात गठ्ठे उचलले आणि पाठ बोलायला लागल्यावर रस्त्यावर आले. "आधी कापडाचे ताणे बसून पाहिले, आता गाड्यांचे उभं राहून पाहतो," असं स्वतःच सांगत.

मी तेव्हा इंजिनिअरिंग कॉलेजातून नुकतीच बाहेर पडलेली. हेल्मेटवर एक चरा नाही आणि पुस्तकातले तक्ते तोंडपाठ. पहिल्याच दिवशी साहेबांनी, म्हणजे आमच्या प्रोजेक्ट मॅनेजरनी, बोर्ड लावून घेण्याचं काम माझ्यावर सोपवलं. मी मोठ्या हौसेनं सहा बोर्ड ओळीनं उभे केले, समोर उभं राहून फोटोही काढला. मारोतराव झेंडी काखेत धरून सगळं बघत होते. शेवटी जवळ आले.

"म्याडम, स्कूटी आहे न तुमची? चाला, मले मागं बसवा."

"कुठं जायचंय?"

"कुठंच नाही. अर्धा किलोमीटर मागं जाऊ आन् वापस येऊ. पन्नासनं चालवा, आन् एकेक बोर्ड मोठ्यानं वाचा."

मला हा पोरखेळ वाटला, पण वयाचा मान राखून निघाले. "पुढे काम चालू आहे," मी ओरडले. "रस्ता अरुंद... वेग मर्यादा..." एवढं होईतो समोर प्लास्टिकचे कोन आले आणि मी करकचून ब्रेक दाबला. मारोतरावांचा चष्मा माझ्या हेल्मेटवर आदळला.

"किती राहिले वाचाचे?" त्यांनी मागूनच विचारलं.

"तीन."

"त्याच्यातच तं लिहिलं होतं कुठून जाचं." ते उतरले, चष्मा पुसला. "उभं राहून सगळेच बोर्ड वाचता येते, म्याडम. बोर्ड पळत्या गाडीवरून वाचा."

ती दुपार आम्ही बोर्ड हलवण्यात घालवली. मारोतराव पावलं मोजत पुढं आणि मी तक्ता घेऊन मागं. गंमत म्हणजे त्यांची पावलं आणि माझा तक्ता जवळपास जुळत होते. "पहिल्यानं सांगाचं का पुढं काहीतरी आहे. मंग त्याले वेळ द्याचा. मंग सांगाचं का स्पीड किती. पुन्हा वेळ द्याचा. मंग सांगाचं का बाबा, इकडून जा. ड्रायव्हरले भेव नाही दाखवाचं, वेळ द्याचा." बोर्ड वाऱ्यानं पडू नये म्हणून मजुरांनी पायथ्याशी चुना फासलेले दगड रचले होते. ते त्यांनी एकेक करून शेतात फेकले आणि रेतीच्या पिशव्या ठेवायला लावल्या. गाडी दगडावर चढली तर दगड उडून कोणाच्या तरी कपाळात जातो, रेती मात्र फक्त सांडते, एवढं साधं ते होतं आणि ते माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

पण त्यांचं खरं वेड वेगळंच होतं.

आमच्याकडे वेगाचे दोन प्रकारचे बोर्ड असत, चाळीसचा आणि वीसचा. संध्याकाळी काम सुटलं, की मारोतराव पिशवीतून कापडी टोपडी काढत आणि वीसच्या प्रत्येक बोर्डाला, 'माणसं काम करत आहेत' या बोर्डालाही, एकेक टोपडं घालत. अगदी बाळाच्या डोक्याला घालतात तसं, खाली बंद बांधून. गाठ विणकराची, कितीही वारं सुटलं तरी न सुटणारी, पण एक टोक ओढलं की मोकळी. टोपडी त्यांच्या बायकोनं, सुमनकाकूंनी, गांधीबागेतल्या कटपीसमधून शिवलेली. एकावर गुलाबाची फुलं, एकावर निळ्या चौकड्या आणि एकाला तर चक्क जरीचा काठ. सकाळी मजूर कामाला लागले की टोपडी निघत. दुपारी बाया भाकरी खायला झाडाखाली गेल्या, तेवढ्या तासाभरासाठीही पुन्हा चढत.

"हे काय, बारसं आहे का?" साहेबांनी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा विचारलं होतं.

मीही विचारलं, "काहून करता काका एवढा उपद्व्याप? बोर्ड राहिला उघडा तर बिघडते काय?"

मारोतराव बंद बांधता बांधता म्हणाले, "चाळीस उघडाच राहू देतो न मी. खड्डा रात्रीही राहते, सुट्टीच्या दिवशीही राहते. पण वीस खड्ड्यासाठी नाही. खड्ड्याले चाळीस, माणसाले वीस. आता माणसं गेली घरी. तरी बोर्ड वीस म्हणून राहिला तं तो खोटं बोलून राहिला. आज त्याले खोटं सापडलं, तं उद्या माणसं असताना तो त्याचं काहून ऐकन?"

'तो' म्हणजे ड्रायव्हर. मारोतरावांच्या बोलण्यात जगभरचा ड्रायव्हर हा एकच माणूस असे, थोडा घाईचा, थोडा आळशी, पण मुळात भला.

आणि खरोखर, त्या रस्त्यानं रोज जाणारे वीसचा बोर्ड उघडा दिसला की गाडी पायी चालल्यासारखी हळू आणत. उमरेडहून कोळसा आणणारे ट्रकवालेसुद्धा. कुहीकडून गणेश नावाचा एकजण पिकअपमधून वांगी-टमाटर घेऊन रोज बाजाराला येई. तो टोपडं निघालेलं बघून लांबूनच ओरडायचा, "मारोतराव, आज उघडं काय?" आणि हेही खिडकीशी जाऊन सांगायचे, "हो गा, बाया आहेत पुढं. पाच मिनिटं लागन, पाणी पिऊन घे." थांबलेल्या प्रत्येक गाडीला ते किती वेळ लागेल आणि का, हे जाऊन सांगत. मी त्याला वेळेचा अपव्यय म्हणत असे.

एकदा एक पांढरी मोठी जीप लाल झेंडी बघूनही पुढं घुसली. मारोतराव बोनेटसमोर उभे राहिले. आतल्या गृहस्थांनी काच खाली केली, "ए, मला ओळखत नाहीस का?"

"नाही न साहेब," मारोतराव अजिजीनं म्हणाले, "म्हणून तं थांबवा लागून राहिलं. वळखीचे सारे आपल्या मनानंच थांबतात."

मागच्या एस.टी.तले प्रवासी हसले. जीपवाल्याला शेवटी हसावं की चिडावं हे ठरवता आलं नाही आणि तेवढ्यात हिरवी झेंडी झाली.

अँब्युलन्सच्या बाबतीतही त्यांचा कायदा तोच. उमरेडकडून धंतोलीच्या दवाखान्यांकडे जाणाऱ्या अँब्युलन्स रोज असायच्या. सायरन ऐकू आला की मारोतराव समोरची सगळी वाहतूक थांबवत आणि मग स्वतः अँब्युलन्सच्या पुढं झेंडी हलवत धावत. त्यांच्यामागून ती त्यांच्याच वेगानं येई. "तिच्यात एक माणूस आहे, इथं चौदा बाया आहेत," धापा टाकत ते म्हणत, "दोघायलेही पोचवाचं आहे." ते साठीला टेकलेले होते. मला त्यांची काळजी वाटायची आणि हसूही यायचं.

आता जे सांगायचं आहे ते मी आजवर फार थोड्या लोकांना सांगितलं आहे.

होळी आली. मजूर चार दिवसांसाठी गावाला गेले. त्याच आठवड्यात वरून तपासणी येणार असं कळलं, आणि विषय काय, तर कामाच्या जागेवरची सुरक्षितता. नेमका दिवस कोणी सांगेना. साहेबांनी मला बोलावलं. "सगळे बोर्ड उघडे पाहिजेत. फोटोत फुलाफुलांची फडकी दिसली तर माझी शोभा होईल."

मी मारोतरावांना निरोप दिला. ते झेंडी गुंडाळत होते.

"माणसं नाही, म्याडम."

"माहीत आहे काका. चारच दिवसांचा प्रश्न आहे."

"चार दिवस रोज तो इथून जाईन आन् रोज पाहीन का कोणीच नाही."

"वरून ऑर्डर आहे."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही, रागावले असते तर बरं झालं असतं. "मंग तुम्हीच सोडा," एवढं बोलून त्यांनी रिकामी पिशवी माझ्या हातात दिली.

आणि मी टोपडी सोडली. स्वतःच्या हातानं, एकेक टोक ओढून. गाठी किती सहज सुटल्या ते अजून बोटांना आठवतं. टोपड्यांची घडी करून मी ती ऑफिसच्या कपाटात ठेवली. बोर्डांचे झकास फोटो काढले. पहिल्या दिवशी गाड्या सवयीनं हळू आल्या, रिकाम्या रस्त्यातून रांगत गेल्या. दुसऱ्या दिवशी थोड्या कमी हळू. धुळवडीला मी तिथून गेले तेव्हा त्या नेहमीच्या वेगानं पळत होत्या आणि वीसच्या बोर्डाकडे कोणी मान वळवत नव्हतं. मला ते दिसलं आणि मी मनात म्हटलं, उद्यापासून मजूर येतीलच. तपासणी शेवटपर्यंत आलीच नाही.

धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मंदाबाई आणि तिच्यासोबतच्या बाया नव्या काँक्रीटवर ओली पोती टाकत होत्या. मी पाण्याच्या टँकरजवळ होते. कुहीकडून गणेशचा पिकअप आला. माणूस तोच, रोज हाक मारणारा. वीसचा बोर्ड त्यानं पाहिला असणारच, पण चार दिवस पाहून पाहून त्याच्या लेखी त्या बोर्डाचा अर्थ संपला होता. वळणापुढं गाड्यांची रांग थांबलेली दिसली तेव्हा त्याला ब्रेक पुरला नाही. रांगेवर आदळू नये म्हणून त्यानं स्टिअरिंग फिरवलं आणि पिकअप कोन उडवत थेट बंद बाजूला, बायांच्या दिशेनं शिरला.

शिट्टी वाजली. लांबलचक, तीनदा. मारोतरावांनी बायांना शिकवून ठेवलं होतं, तीनदा वाजली का मागं पाहाचं नाही, पोतं टाकाचं आन् शेतात पळाचं. आम्ही त्या शिकवणीला हसलो होतो. चौदाच्या चौदा बाया पळाल्या. मंदाबाई पोत्यात पाय अडकून पडली, तिला उठायला हवे होते तेवढे दोन क्षण मारोतराव पिकअपसमोर लाल झेंडी हलवत उभे राहिले. गणेशनं पुन्हा स्टिअरिंग फिरवलं, गाडी त्यांना घासत बांधावर चढली. वांगी रस्ताभर सांडली. मारोतराव खाली बसले होते आणि त्यांचा डावा पाय वेडावाकडा वळला होता.

गणेश गाडीतून उतरला. रडत रडत एकच म्हणत होता, "चार दिवस झाले वीस लिहून आहे न... कोणीच नव्हतं न... कोणीच नव्हतं न..." ते वाक्य त्यानं कोणाला उद्देशून म्हटलं नव्हतं. पण तिथं ते फक्त मला आणि मारोतरावांना कळलं.

मारोतरावांच्या मांडीचं हाड मोडलं होतं. धंतोलीच्या एका दवाखान्यात ऑपरेशन झालं. तिसऱ्या दिवशी मी हिंमत करून गेले. साहेबांनी मला अपघाताचा अहवाल लिहायला सांगितला होता, सोबत बोर्डांचे माझेच झकास फोटो जोडायचे होते. बोर्ड जागेवर होते, उघडे होते, चालक वेगात होता. त्यात एकही अक्षर खोटं नव्हतं.

सुमनकाकू स्टुलावर बसल्या होत्या, त्यांनी उठून मला जागा दिली. मी बसले नाही. मारोतरावांचा पाय वजनाला टांगलेला होता. त्यांनी डोळे उघडले आणि पहिला प्रश्न विचारला, "काल सांजच्याले टोपडे घातले काय?"

मला रडू फुटलं. काय काय बोलले ते धड आठवत नाही, माफीच मागत असणार. त्यांनी बोलू दिलं. मग म्हणाले, "रडून नको राहू बेटा. बाया वाचल्या न." म्याडमची बेटा मी तेवढी एकदाच झाले. त्यांनी छताकडे बघत विचारलं, "गणेशचं काय करून राहिले?"

"केस होईल. वेगात होता."

"होता. पण एकट्याले नका फसवू त्याले. त्यानं बोर्डाचं ऐकलं नाही, हे खरं. पण बोर्ड चार दिवस त्याच्याशी खोटं बोलला, हेही लिहा. तुम्हाले लिहिता येते."

मी त्या रात्री जेवले नाही आणि अहवाल लिहिला. होळीच्या सुट्टीत काम बंद असताना वीसचे बोर्ड उघडे ठेवले होते, ते मी स्वतः उघडले, झेंडीवाल्यानं हरकत घेतली होती, असं सगळं. साहेबांनी वाचला आणि शांतपणे विचारलं, "हा तुम्ही मागे घेणार का?" मी नाही म्हटलं. मला धीट वगैरे वाटत नव्हतं. पंधरा दिवसांत माझी बदली दुसऱ्या साइटवर झाली. गणेशला पुढं शिक्षा झालीच, पण सारा दोष त्याच्या एकट्याच्या माथी आला नाही. जायच्या आधी मी कपाटातली टोपडी काढून मंदाबाईच्या हवाली केली आणि गाठ कशी बांधायची ते दाखवायला गेले, तर ती हसली. तिला केव्हाची येत होती.

वर्षभरानं रस्ता पूर्ण झाला. मारोतराव काठी टेकत आमच्या लग्नाला आले, नवऱ्याला विचारलं, "जावईबापू, गाडी कितीनं चालवता?" आणि उत्तर ऐकून न जेवता जातो की काय असं तोंड केलं. जेवले मात्र पोटभर. त्यानंतर काही महिन्यांनी त्यांचा फोन आला.

"म्याडम, कुहीले लग्नाले गेलो होतो. फाट्याच्या अलीकडं आपला एक वीस राहून गेला न."

"कंपनीला सांगा न काका."

"सांगून राहिलो महिनाभरापासून. तुम्ही पाना घेऊन येता काय?"

मी पाना घेऊन गेले. गुळगुळीत नवा रस्ता, गाड्या ऐंशीनं चाललेल्या, आणि कडेला एकटाच गंजका वीस. मारोतराव आधीच पोचले होते आणि त्यांना आणणारा होता गणेश, त्याच पिकअपमधून. मला बघून त्यानं मान खाली घातली, मीही घातली. मारोतरावांनी पिशवीतून निळ्या चौकड्यांचं टोपडं काढलं आणि बोर्डाला घातलं.

"आता उपटायचाच आहे तर टोपडं कशाला?" मी म्हटलं.

"उपटेपर्यंत कोणी वाचलं तं?"

नटांना गंज चढला होता. मी आणि गणेशनं मिळून तासभर झटापट केली, मारोतराव काठीवर रेलून गाड्यांना हातानं बाजूनं काढत होते. बोर्ड निघाला तो त्यांनी मागून घेतला. "सुमन म्हणते का पापड वाळवाले चांगला आहे." पाय वाकत नव्हता म्हणून ते पिकअपच्या मागच्या हौद्यात पाय लांब करून, मागं तोंड करून बसले आणि बोर्ड मांडीवर उभा धरला.

सहा महिन्यांनी सुमनकाकूंचा फोन आला तेव्हा सगळं आटोपलेलं होतं. म्हणजे मारोतरावांना मी शेवटचं पाहिलं ते त्या बोर्डाच्या दिवशीच.

पिकअप पुढं आणि मी स्कूटीवर मागं. शहराच्या तोंडाशी दिघोरी येत होती. बोर्ड उपटताना टोपड्याचे बंद सुटले होते, वाऱ्यानं ते हळूहळू वर सरकलं आणि मारोतरावांच्या मांडीवरचा वीस उघडा होऊन माझ्याकडे बघू लागला. ॲक्सिलरेटरवरचा माझा हात आपोआप सैल पडला. पिकअप लांब जाऊ लागला, मागचे हॉर्न वाजवू लागले, मी आपली वीसनं चालले होते. मारोतरावांना कळेना, मी मागं का पडतेय. मग त्यांनी खाली पाहिलं. घाईघाईनं दोन्ही हातांनी टोपडं ओढलं, बंद बांधले, गाठ नीट बसली का ते चाचपून पाहिलं. आणि मग रिकामा उजवा हात, हिरवी झेंडी धरल्यासारखा, डोक्यावरून मोठा फिरवला. या, रस्ता मोकळा आहे.